ओढ्याकडची बाजू

९ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही मागावे लागत नाहीत. तुझं पत्र आलं. आई गेली तेव्हा तोंड दाखवलं होतंस, त्यानंतर आता. मधल्या काळात हाताला लकवा झाला होता का तुझ्या? पाकीट हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी गेलं. उघडून बघते तर नुसते प्रश्न. डोंगर कसा आहे, पाकोळ्या आल्या का, भाऊजी अजून शिडीवर चढतात का, आत झोपतात कुठे. माझी तब्येत शेवटच्या ओळीत विचारलीस, तीही कागद उरला म्हणून.

मी बरी आहे. गुडघे बोलतात, पण ते बोलणारच, त्यांच्याकडे मी लक्ष देत नाही.

डोंगर होता तिथेच आहे. वरून झाडी, मधून पांढरा, आतून पोकळ. एका अंगाला समुद्र आणि खारफुटी, दुसऱ्या अंगाला ओढा आणि ओढ्यापलीकडे रबराची झाडं. पाकोळ्या यंदा भरपूर आल्यात. संध्याकाळी परत फिरतात तेव्हा आभाळावर कुणी मिरपूड उधळल्यासारखं दिसतं. भिंतीला थुंकी लावून लावून घरटं करतात, तुला माहीत आहेच. तिकडे लांबच्या शहरातले श्रीमंत लोक ते घरटं उकळून पितात, ताकद येते म्हणे. थुंकीने ताकद येते असं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, पण आमची चूल त्याच्यावर पेटते, म्हणून मी तोंड बंद ठेवते.

माझं काम तेच. शेडमध्ये आम्ही बायका पाण्याच्या तसराळ्याभोवती बसतो, घरटी भिजत घालतो आणि चिमट्याने त्यातलं एकेक पीस वेचतो. बारीक पिसं दिसत नाहीत आता मला. शेजारणीला विचारते, राहिलं का गं? ती म्हणते राहिलं. एवढंच आमचं दिवसभराचं बोलणं.

पहिलं घरटं काढून झालं. पाकोळी बिचारी दुसरं करायला बसली. तेही काढणार. तिसऱ्याला हात लावायचा नाही, पिल्लं उडेपर्यंत. हा नियम आमच्या घराण्यात कुणी मोडलेला नाही आणि मोडला तर थोरले दीर त्याचा हात मोडतील.

तुझे भाऊजी महिनाभर वरच आहेत. चोर फार झालेत. रात्री कुणी शिरलं तर सगळी भिंत खरवडून नेतं, अंड्यासकट. म्हणून हे आतच झोपतात. मी एक दिवसाआड डबा नेते. परवा ओढ्यात पाय घसरला, डबा भिजला, तरी जेवले मुकाट्याने. काही म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

आता तू विचारलंस ते. पाकोळ्यांचं मोठं माजघर आहे ते समुद्राकडच्या तोंडातून आत गेलं की लगेच. हे तिथेच झोपतात. ओढ्याकडची बाजू म्हणजे भरीव दगड, तिथे वटवाघूळसुद्धा राहत नाही. तू माझा भाऊ म्हणून सांगितलं, चार माणसांत बोलू नकोस.

तुला आमच्या थोरल्यांनी कामावर घेतलं नाही त्याचा राग अजून आहे का? ते तुला नाही म्हणाले नव्हते, तुझ्या रक्ताला म्हणाले होते. बायकोकडच्या माणसाला आत घेत नाहीत, कुणालाच नाही. तेवढ्यावरून रुसून सुरुंगाच्या कामावर गेलास. जाऊ दे.

लग्नाचं बघ आता. डोक्यावर केस आहेत तोवर.

तुझी ताई

२ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. रागावतेस तेव्हा तू समोर बसल्यासारखी वाटतेस, म्हणून बरं वाटलं.

मी राग धरून नाही. तुझ्या घरचा नियम होता, त्यांनी पाळला. सुरुंगाच्या कामात मी चांगला आहे, ताई. साहेब लोक मला विचारतात. इतक्या वर्षांत ह्या देशाची सगळी कूस बघून झाली माझी. कथिलाच्या खाणीत होतो, तिथे डोंगर धुऊन धुऊन तळी झालीत, निळंशार पाणी, पण त्यात मासा नाही. मग जंगलातून रस्ता काढायच्या कामावर होतो. एवढाली झाडं, दोन माणसांच्या कवेत न मावणारी, नदीत सोडून द्यायचे. नदी लाकडाने भरून जायची, पाणी दिसायचं नाही. आमचे साहेब म्हणतात, ह्या देशात जमिनीच्या वर आहे त्याच्यापेक्षा खाली जास्त आहे. वर आहे तेही ते काही सोडत नाहीत.

सध्या चुनखडीवर आहे. सिमेंटसाठी लागते. पत्र ट्रकवाल्याकडे देतो, तो बंदरावर पेटीत टाकतो.

एक आठवतं. तुझं लग्न होऊन वर्षही झालं नसेल. मी सुट्टीत आलो होतो, भाऊजींच्या मागे लागलो, मला आत न्या. त्यांनी माझ्या डोळ्यांना फडकं बांधलं, अंगणात गरागरा फिरवलं आणि पाठंगुळी घेऊन नेलं. आत गेल्यावर म्हणाले, ऐक. अंधारात सगळीकडून टिकटिक, टिकटिक. पाकोळ्या अंधारात वाट शोधताना करतात तसा आवाज. फडकं त्यांनी सोडलं नाही. पण त्या दिवसापासून माझं मन तिथे आहे.

म्हणून पुन्हा विचारतो, चिडू नकोस. माजघर नक्की समुद्राकडेच ना? तिथून ओढ्याच्या बाजूला आतून वाट आहे का? भाऊजी दिवसासुद्धा तिथेच असतात का?

उगाच विचारतो. परक्या खोलीत पडलं की असलं काहीतरी आठवत राहतं.

लग्नाचं तूच बघ. माझे केस गेले.

धाकटा

२१ मार्च

धाकट्या,

एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला? लहानपणीही असाच होतास, दहा वेळा विचारायचास आणि अकराव्यांदा रडायचास. समुद्राकडे म्हणजे समुद्राकडे. आतून वाट नाही, बोगदा नाही, काही नाही. हे दिवसरात्र तिथेच असतात. झालं समाधान?

आता माझं ऐक, कारण हे तुझ्या धंद्यातलं आहे. आमच्या डोंगरावर माणसं आली आहेत. डोक्यावर टोप्या, हातात दुर्बीण, जमिनीत लाल-पांढऱ्या खुंट्या ठोकत हिंडतात. माझ्या परसात पण एक ठोकली, मी उपटून चुलीत घातली. मग यंत्र आलं. दोन्ही अंगांना भोकं पाडली, इकडे समुद्राकडे आणि तिकडे ओढ्याकडे पण. दिवसभर घर्रघर्र. तसराळ्यातलं पाणी थरथरतं, घरटं चिमट्यात राहत नाही.

थोरले दीर विचारायला गेले. साहेबाने खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. म्हणाला, नमुना काढतोय, पावसाच्या आधी काही होणार नाही. दीर खूश होऊन आले. खुर्ची मिळाली की त्यांचं तसंच होतं. तिथल्या तिथे त्यांना विचारलंही म्हणे साहेबाने, तुमची घरटी कुठे आहेत, आम्ही तेवढा भाग सोडू. दीर म्हणाले, आमची घरटी ह्या डोंगरात नाहीतच, लांब बेटावर आहेत. आमचे लोक हुशार आहेत.

तू सांग मला. भोकं पाडली म्हणजे उडवणारच असतं का? की नमुना म्हणून पण पाडतात? खरं सांग, गोड बोलू नकोस.

ह्यांना मी म्हटलं, चार दिवस खाली या, काय ते कळू दे. तर म्हणाले, दुसरं घरटं भरत आलंय, आता सोडलं तर चोर नेतील. आणि मग तिसरं कुठून होणार, पाकोळीच्या अंगात तेवढी थुंकी उरते का? त्यांना माझ्यापेक्षा पाकोळीची काळजी जास्त. मला सवय आहे.

तू ज्या कंपनीत आहेस ती असली नाही ना? असली तर सोड. आणि सोडायची नसेल तर मला सांगू नकोस.

ताई

३ एप्रिल

ती. ताई,

तू सांगू नकोस म्हणालीस, पण सांगावं लागतंय. ती माझीच कंपनी आहे.

मी इथेच आहे. रबराच्या झाडांच्या मागे छावणी आहे, तिथे. दोन महिने झाले. तुझ्या घराचा धूर दिसतो मला. यायचं धैर्य झालं नाही. काय तोंडाने आलो असतो? आणि थोरल्यांनी माझे पाय मोडले असते ते वेगळं.

मी आलो नसतो तर दुसरा कुणी आला असता. मी आहे म्हणून निदान तुला विचारून तरी घेतलं, हे लक्षात घे. साहेबांनी मला विचारलं, सुरुवात कुठल्या बाजूने करू या? त्यांना समुद्राकडून हवी होती, धक्क्यावरून माल सरळ गलबतात जातो. मी म्हटलं, समुद्राकडचा दगड भुसभुशीत आहे, ओढ्याकडून करा. त्यांनी ऐकलं. आता दोन-तीन वर्षं तरी समुद्राच्या बाजूला कुणी फिरकणार नाही. तोवर काहीतरी मार्ग निघेल.

येत्या मंगळवारी सकाळी ओढ्याच्या बाजूला पहिला सुरुंग आहे. भोंगा होईल, घाबरू नका. भाऊजी आहेत तिथे धक्का बसेल, इजा होणार नाही. तरी त्या दिवशी त्यांना खाली बोलावून घे. काही निमित्त कर, आजारी पड.

बटण माझ्याच हाताखाली आहे, म्हणून मी खात्रीने लिहितो.

पुढे कधीतरी माफ कर.

धाकटा

१५ एप्रिल

तुझं पत्र मंगळवारी सकाळी आलं. मी शेडमध्ये होते, हात ओले होते. पाकीट कमरेला खोचलं. म्हटलं, चहाच्या वेळी वाचू, काय मोठं लिहिणार आहे हा.

मला भराभर वाचता येत नाही, तुला ठाऊक आहे. बोट ठेवून वाचते. बोट 'ओढ्याकडून करा' पर्यंत आलं आणि भोंगा झाला.

धाकट्या, माजघर ओढ्याकडे आहे.

समुद्राकडचं तोंड रिकामं आहे, कायमचंच रिकामं आहे. चोरांनी तिकडून शिरावं आणि डोकं आपटून परत जावं, म्हणून आम्ही सगळे तेच सांगतो. मी ह्या घरात आले त्या वर्षी सासूने शपथ घातली. बाहेरच्याने विचारलं की उलटी बाजू सांगायची. मी विचारलं, माझ्या भावाला पण? ती म्हणाली, भावाला तर आधी. इतकी वर्षं झाली, मला उलटं सांगायला विचार करावा लागत नाही. तुझ्या पहिल्या पत्राला उत्तर लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नाही. तू खोटं विचारत होतास हे मला कळलं नाही आणि मी खोटं सांगतेय हे मला वाटलं नाही.

मी धावले. चप्पल शेडमध्येच राहिली. ओढ्याच्या साकवावर तुमचा झेंडेवाला उभा होता, पोरगेलासाच, गळ्यात शिट्टी. म्हणाला, मावशी, पुढे जायचं नाही. मी म्हटलं, सोड मला. म्हणाला, पुढे काय आहे तुमचं?

मी म्हटलं, शेळी सुटलीय.

शेळी म्हटलं मी. नवरा आत आहे एवढं म्हणायचं होतं. त्याने शिट्टी मारली असती, लाल झेंडा वर केला असता, तू हात काढला असतास. तीन शब्दांचं काम होतं. पण नवरा आत आहे म्हटलं की कुठे आत, हे सांगावं लागतं, बोट दाखवावं लागतं, आणि तोंडातून शेळी निघाली. माझ्यासारखी बाई, जिची जीभ म्हणून सगळ्या वस्तीला भीती. तो म्हणाला, एका शेळीसाठी जीव देता का, आणि माझा दंड धरून ठेवला. मग खरं ओरडले. तेव्हा काही ऐकू येत नव्हतं, मलासुद्धा माझं.

आधी जमीन उचलली, मग आवाज आला. ओढ्याचं पाणी पांढरं झालं. धूळ खाली बसायच्या आत पाकोळ्या बाहेर पडल्या, घरट्यांवर बसलेल्या सगळ्या एकदम. वर जाऊन नुसत्या फिरत राहिल्या. तीन दिवस फिरत होत्या. बसायला जागा नव्हती त्यांना.

हे बाहेर आले नाहीत.

संध्याकाळी थोरल्या दिरांनी सगळ्यांना अंगणात बसवलं. म्हणाले, आत कुणी नव्हतं. तो होडी घेऊन समुद्रात गेला, परत आला नाही. सगळ्यांनी हेच सांगायचं. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ आहे तो. बोलताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण पाण्याचा तांब्या तोंडाला लावला तेव्हा अर्धं पाणी अंगावर सांडलं. डोंगरात अजून तीन माजघरं शाबूत आहेत, तीन घरांची. एक वाट कळली की सगळ्या कळतात. मला म्हणाले, तुम्हीही हेच म्हणायचं. मी मान हलवली.

तू बटण दाबलंस. पण कुठे दाबायचं ते मी सांगितलं. हे मला कुणाशी बोलता येत नाही, म्हणून तुला लिहिते. तुझ्यावर राग काढायला तू तरी आहेस. मी कुणावर काढू?

१७ एप्रिल

ताई,

काल दारापर्यंत आलो होतो. थोरले बाहेर आले. मारतील असं वाटलं, बरं झालं असतं. त्यांनी नुसतं दार लावून घेतलं.

मी त्या दिवसापासून बटणाला हात लावलेला नाही.

धाकटा

२४ एप्रिल

दारापर्यंत येऊ नकोस. पत्र लिहू नकोस. मी शेडमध्ये जाते, पिसं वेचते, घरी येते. ती त्यांनीच काढलेली शेवटची घरटी आहेत. ती संपेपर्यंत मला कुणाशी बोलायचं नाही.

२ मे

ती. ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो. हे पत्र पोहोचून तू वाचलंस आणि त्यानंतर मला शिव्या दिल्यास तरी चालेल, पण वाच.

सोमवारी यंत्रं लागणार आहेत. ओढ्याकडचा पडलेला सगळा दगड उचलायचा, फोडायचा, दळायचा आणि भट्टीला पाठवायचा. भट्टीतून सिमेंट होऊन पोत्यात जाईल. कुठे जाईल ते कुणाला माहीत नसतं. कुणाच्या भिंतीत, कुठल्या पुलात.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, आत माणूस आहे. माझे मेव्हणे आहेत. साहेब वाईट माणूस नाहीत, ताई, त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, तुझ्या मेव्हण्याचे भाऊच येऊन सांगून गेले की तो समुद्रात गेला. त्याची बायकोही काही म्हणत नाही. मी कुणाच्या शब्दावर काम थांबवू? मी हट्ट धरला. तेव्हा म्हणाले, कुठे खणायचं ते नेमकं दाखव, रविवार तुला दिला, चार माणसं देतो. नाही सापडलं तर सोमवारी यंत्रं.

मी जाऊन बघितलं. अख्खा उतार खाली आलाय. हाताने एका दिवसात उकरायचा तर एका घराएवढी जागा होईल, त्याच्या वर नाही. ती जागा कुठली, हे मला कळत नाही. मी तिथे गेलो होतो, पण डोळ्यांना फडकं होतं.

तुझी पत्रं पुन्हा काढून वाचली. पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, डबा नेताना ओढ्यात पाय घसरला. समुद्राकडच्या तोंडाशी होडीने जातात, त्याला ओढा कशाला लागतो? माझ्या लक्षात यायला हवं होतं. मला वाचायला शिकवलं होतं शाळेत, तुझ्यापेक्षा जास्त. मला फक्त समुद्राकडे हा शब्द हवा होता, तो मिळाला आणि मी पुढे वाचलं नाही.

भाऊजींना भट्टीत जाऊ देऊ नकोस. मला वाट सांग. ह्या वेळी सरळ सांग.

शपथ मोडली तर तुला त्या घरात राहता येणार नाही, हे मला कळतं. मी तुला घर करून देईन असं लिहायला हात उठत नाही. तू थुंकशील त्याच्यावर. तरी लिहितो.

धाकटा

४ मे, शनिवार

धाकट्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही, उशीर होईल. साकवावरच्या झेंडेवाल्याच्या हातात देते. त्याला सांगितलं, शेळी नव्हती रे, माझा नवरा होता. तो साकवाच्या कठड्याला धरून खाली बसला. मीच त्याला पाणी दिलं. म्हटलं, ऊठ, पत्र घेऊन जा, रडायला पुढे वेळ आहे.

त्याआधी घरात सांगून आले, चोरून काही केलं नाही. सगळे जेवत होते. मी म्हटलं, मी वाट सांगणार आहे. थोरले दीर म्हणाले, मग तीन घरं उपाशी मरतील, त्यांचं पाप घेणार का? मी म्हटलं, घेते. म्हणाले, तो स्वतः असता तर त्याने सांगितलं नसतं. हे खरं आहे. ह्यांनी सांगितलं नसतं. मरून पडले असते पण सांगितलं नसतं, आणि तसेच पडलेत. पण ते त्यांचं झालं. त्यांना दळून पोत्यात भरलेलं मला चालणार नाही. उद्या मी कुणाच्या ओट्यावर बसेन, कुठल्या पुलावरून जाईन आणि पायाखाली कोण आहे ते मला कळणार नाही, असं मला जगता येणार नाही. दीर ताटावरून उठले नाहीत, तसेच बसून राहिले, हात वाळेपर्यंत. जाऊबाईंनी माझं बोचकं बांधून दिलं. त्यात स्वतःची नवी चादर घातली, मला न दाखवता.

शेडमधलं माझं तसराळं दुसरीला दिलं. तिची नजर चांगली आहे.

आता वाट. नीट वाच. पुढचं ओलांडून वाचू नकोस.

साकवावरून उतरलास की ओढ्याच्या उगमाकडे तोंड कर. उजव्या हाताला दोन झाडं एकात एक उगवलेली आहेत, मूळ एकच, ती सुरुंगात वाचलीत, मी लांबून बघितली. त्या झाडांकडे पाठ करून उभा राहा. समोर डोंगर येईल. तिथे वेलींचा पडदा होता, त्याच्या मागे तोंड होतं, एक माणूस वाकून जाईल एवढं. आता वेली नसतील, पण खालचा दगड काळा आहे, बाकीचा पांढरा. काळा दगड ओळखायचा. वर्षानुवर्षं सगळ्यांनी तिथे हात टेकलाय, तेलकट हात, म्हणून काळा झालाय.

काळ्या दगडापासून सरळ आत. उतार आहे, पायाखाली शेणासारखं मऊ लागतं, ती पाकोळ्यांची विष्ठा. माझ्या पंधरा पावलांवर वाट डावीकडे वळते, बुजली असेल तर वरून पावलं मोज. वळणावर भिंतीत कोनाडा आहे, तिथे मी डबा ठेवायची. मी वाजवायची नाही, हाक मारायची नाही, आत आवाज करायचा नाही म्हणून. ठेवून परत यायची. दुसऱ्या खेपेला रिकामा डबा धुतलेला असायचा. आत पाणी जपून वापरावं लागतं, तरी धुऊन ठेवायचे.

त्या वळणापासून खणायला लागायचं. सुरुंग आणू नकोस, पहार नको, आवाज नको. हाताने. माणसं घे ती शांत घे.

वळणापुढे बायका जात नाहीत. मीही कधी गेले नाही. माजघर केवढं आहे, शिडी कुठल्या भिंतीला असते, निजायला त्यांनी जागा कुठे केली होती, मला काही ठाऊक नाही. इतक्या वर्षांत मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं ह्या कागदावर उतरवलं. पुढचं तुला अंधारातच शोधावं लागेल.

मी उद्या साकवाच्या अलीकडे उभी असेन. मला बघून धावत येऊ नकोस, पाया पडू नकोस, माझ्याशी बोलूही नकोस. आधी त्यांना बाहेर आण. तुझं-माझं मग बघू.

ताई